निर्देशांक गच्चीवर, मूल मोरीच्या दाराशी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडली की पुण्याच्या हवेच्या निर्देशांकाची बातमी येते. शिवाजीनगर इतके, कात्रज इतके, भोसरी ‘वाईट’. हे आकडे छापलेच पाहिजेत. पण दमा असलेल्या मुलाच्या आईने ते वाचून काही ठरवायचे म्हटले, तर तिच्या हाती फारसे काही लागत नाही. हवा मोजायचे यंत्र मोकळ्या जागी, उंचावर बसवलेले असते आणि सूक्ष्म धूलिकणांचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीचा असतो. मूल श्वास घेते ते जमिनीपासून तीन फुटांवर, दहा बाय दहाच्या खोलीत. त्याची छाती भरायला चोवीस तास लागत नाहीत. बंब पेटल्यापासून पाणी तापेपर्यंतचा अर्धा तास पुरतो. सरासरीत हरवणाऱ्या अशा अर्ध्या तासांविषयी हे पत्र आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. दमा नुसत्या धुराने होतो असे नाही. घराण्यात दमा, शिंका, इसब असेल तर मुलाची शक्यता वाढते, आणि प्रत्यक्ष धाप बहुतेक वेळा साध्या सर्दीच्या विषाणूने सुरू होते. म्हणून जूनमध्ये शाळा उघडल्या की पंधरवड्यात दवाखाने भरतात. पण सर्दी सगळ्या मुलांना होते, धाप काहींनाच लागते. ज्यांच्या श्वासनळ्या धुराने आणि ओलीने आधीच सुजलेल्या असतात, त्यांना ती लवकर लागते. शिवाय मुलाची नळी मुळातच बारीक. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, सुमारे सोळा पट होतो. ज्या धुराने बापाला नुसता ठसका लागतो, त्याने मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जातात, त्या याच हिशेबाने.

आता बंब. पेठांतले जुने वाडे, उपनगरांतल्या चाळी, शहरात घेतलेली गावे इथे तो अजून पेटतो, कारण त्याचे सरपण फुकटात मिळते. घोटाळा या फुकटच्या सरपणातच आहे. पूर्वी बंबात करवंट्या, शेणी, वाळकी लाकडे जात. आता फर्निचरच्या कामातून उरलेले प्लायवूडचे आणि सनमायकाचे तुकडे जातात, आणि पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा तुटकी चप्पल. प्लायमधला डिंक जळला की फॉर्मल्डिहाइड निघते आणि ते थेट श्वासनळीला झोंबते. सर्वांत जास्त धूर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत होतो, कारण आच धरलेली नसते आणि लाकूड पावसाळ्यानंतर ओलसरच असते. नेमके तेव्हाच मूल पंचा गुंडाळून मोरीच्या दाराशी उभे असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वारा पडलेला असतो आणि डोंगरांच्या मधल्या या खोलगट शहरात गार हवा तळाशी साचून राहते. त्यामुळे चाळीतल्या आठ बंबांचा धूर वर न जाता आडवा पसरतो आणि ज्या घरात गॅस आहे तिथेही शिरतो.

‘बंब बंद करा’ म्हणणे सोपे आहे. गॅसची टाकी महिनाभर पुरवायची तर अंघोळीचे पाणी तिच्यावर तापवणे अनेकांना परवडत नाही. तोवर चार गोष्टी करता येतात. बंब मोरीतून काढून उघड्यावर न्यावा. त्याच्या धुराड्याला पत्र्याची नळी जोडून ती पन्हळीच्या वर न्यावी. लाकूड आठवडाभर छपराखाली वाळवून मगच वापरावे आणि प्लाय, रंगवलेले लाकूड, प्लास्टिक त्यात अजिबात घालू नये. मुलाला आच धरल्यावरच उठवावे. आणि बंब काढून गॅस गिझर लावणाऱ्यांना एक इशारा: तो बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे राज्य सरकारने २०२४ मध्ये सांगितले ते मुलांच्या झोपेसाठी. दम्याच्या मुलांना त्याचा आपसूक फायदा झाला आहे. ज्या शाळा ते मनावर घेत नाहीत, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

बंब तरी दिसतो. बाळंतिणीच्या खोलीतल्या धुरीला कोणी धूर म्हणतच नाही. न्हाऊ घातल्यावर शेगडीत निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची साले, ऊद. वर बाळ धरायचे, दारे-खिडक्या बंद. त्यामागची माया खरी, बाळाला ऊब हवी हेही खरे. पण जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत फुप्फुस अजून घडत असते आणि त्या कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइडही साचतो. ऊब दुपट्यातून द्यावी, नाहीतर आईच्या उघड्या छातीवर बाळ ठेवून वरून पांघरूण घालावे. आजीबाईंना ‘धुरी वाईट’ असे तोंडावर सांगून भागत नाही. ‘ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून खोलीत ठेवा, बाळावर धूर नको’ म्हटले की बहुतेक जणी ऐकतात.

तीच गत मिश्रीची. घरात कोणीही विडी-सिगारेट ओढत नाही, असे सांगणाऱ्या घरात तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजली जाते आणि स्वयंपाकघर डोळे चुरचुरण्याइतके भरते. तपासणीच्या कागदावर ‘घरात धूम्रपान: नाही’ एवढेच येते. विचारणाऱ्याने मिश्रीचे नाव घेऊन विचारले तरच खरे उत्तर मिळते.

मच्छर कॉइलचा आकडा अनेकांनी ऐकला असेल, तरी सांगतो. एक कॉइल पूर्ण जळताना जेवढे सूक्ष्म धूलिकण सोडते, तेवढे सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. आणि ती रात्रभर मुलाच्या उशाशी जळते. पण पुण्यात डेंगी आहे, तेव्हा ‘कॉइल लावू नका’ एवढे सांगून हात झटकणे अप्रामाणिकपणाचे होईल. खिडकीला नायलॉनची जाळी, पट्टीने चिकटवलेली, आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी एवढे साधले तर कॉइल सुटते. जाळी बसवणे हे घरमालकाचे काम की भाडेकरूचे, यात अख्खा मोसम निघून जातो. कॉइल लावायचीच असेल तर ती संध्याकाळी, खोलीत कोणी नसताना लावावी आणि झोपण्यापूर्वी विझवून दारे उघडावीत. उदबत्ती आणि धूप देवघरात पेटवून ओवाळल्यावर गॅलरीत ठेवले, तर देवाची काही हरकत नसावी.

ओल हा भाड्याच्या घरांतला खरा आजार. खालच्या पातळीवरची घरे, वरच्या न्हाणीघरातून झिरपणारे पाणी, पुनर्वसनाच्या इमारतींत दोन भिंतींमधल्या अरुंद डक्टमध्ये उघडणारी खिडकी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये घरातच दोरीवर वाळणारे कपडे. पिळलेल्या बादलीभर कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जाते. कपाटामागे काळे ठिपके उमटतात ती बुरशी. तिच्यावर लोक दिवाळीच्या आधी रंग मारतात, तोही प्लास्टिक पेंट. भिंतीतली ओल आत कोंडते, फुगे येतात आणि संक्रांतीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटतात. क्रम उलटा हवा. आधी पाणी कुठून येते ते शोधून बंद करायचे (बहुधा बाहेरच्या भिंतीची भेग, न्हाणीतल्या फरशांचे सांधे किंवा गच्चीचा कोबा), मग भिंत पूर्ण वाळू द्यायची, मग खरवडायची आणि शेवटी चुना. खरवडताना भिंत पाण्याने ओली करून घ्यावी. कोरडी घासली तर बुरशीचे बीजाणू खोलीभर उडतात, आणि त्या दिवशी मूल घरात नसलेलेच बरे. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले तरी मागून हवा खेळते.

गादी, उशी, गोधडीत धुळीतले बारीक किडे वाढतात. डोळ्यांना दिसत नाहीत, दमट हवेत फोफावतात. आठवड्यातून एकदा चादर-अभ्रे कढत पाण्यातून काढणे, गादी-गोधडी कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवणे आणि झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे एवढे त्यावर पुरते. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर चढायला घरातले हलके म्हणून मुलालाच पाठवतात. दम्याच्या मुलाला त्या दिवशी मामाकडे पाठवावे.

घराबाहेर पडले की मूल स्कूटरवर पुढे, हँडलच्या मागे उभे. सिग्नलला त्याचे तोंड समोरच्या टेम्पोच्या धुराड्याच्या रेषेत येते. त्याला मागे बसवा, सिग्नलला टेम्पोच्या मागे न थांबता बाजूला थांबा. शाळेच्या फाटकाशी वीस-वीस मिनिटे इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या व्हॅनना तसे करू न देणे मुख्याध्यापकांच्या हातात आहे, त्याला पैसा लागत नाही. कोपऱ्यावर पालापाचोळा आणि कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच पाच हजार रुपयांचा दंड सांगितला आहे, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजारांचा. ढीग पेटवला जातो तो बहुधा उचलायला गाडी आली नाही म्हणून. तेव्हा दंडाच्या पावतीआधी गाडी हवी.

फटाक्यांचे मोजमाप पुण्यातच झाले आहे. चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ते २०१६ मध्ये मांडले. सर्वांना वाटते हजाराची लड सर्वांत वाईट. निघाली नागगोळी! अवघी नऊ सेकंद जळते, पण तेवढ्यात सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत गेले. लड ३८,५४० वर होती, फुलबाजी दहा हजारांच्या आसपास. आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. नागगोळी आवाज करत नाही, भाजत नाही, म्हणून ती अगदी लहान मुलांच्या हाती दिली जाते आणि ती मुले साप कसा निघतो ते बघायला तिच्यावर वाकून बसतात. ही एक वस्तू दुकानातून नाहीशी झाली तरी बरेच साधेल.

कबुतरांविषयी मात्र थोडी गल्लत होते. त्यांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा मुख्य आजार वेगळा आहे, तो फुप्फुसाच्या आतल्या भागाला धरतो आणि दम्याच्या पंपाने (इनहेलरने) बरा होत नाही. दाणे टाकू नयेतच, पण मुलाची प्रत्येक धाप कबुतरांच्या माथी मारून भिंतीची ओल विसरू नये. परागांनी त्रास देणारे गाजरगवत मात्र खरेच आपले: १९५० च्या दशकात देशात त्याची पहिली ठळक नोंद पुण्यातली. ते फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे.

आता दुसरी बाजू, जिला हवेशी काही देणेघेणे नाही. या आजाराचे नाव घ्यायची लोकांना भीती वाटते. ‘छाती वाजते’, ‘कफाची प्रकृती’, ‘अ‍ॅलर्जिक खोकला’ काहीही चालते, ‘दमा’ नको. मुलगी असेल तर लग्नापर्यंतचा विचार पाचव्या वर्षीच सुरू होतो. डॉक्टरही मग कागदावर मोघम शब्द लिहून मोकळे होतात. वास्तविक पाच वर्षांखालच्या ज्या मुलांची छाती सर्दीत वाजते, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचा त्रास सहाव्या वर्षापर्यंत थांबतो. ती सगळी दमेकरी नव्हेत. पण ज्यांना आहे त्यांना नाव न मिळाल्याने रोजचे औषधही मिळत नाही. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांहून अधिक भारतात होतात. इतका फरक नुसत्या हवेने पडत नाही. लंडनमध्ये २०१३ साली नऊ वर्षांची एला अडू-किसी-डेब्रा दम्याने गेली. २०२० मध्ये तिथल्या मृत्यूचौकशीत प्रदूषित हवा हे एक कारण म्हणून लिहिले गेले. ‘श्वास बंद पडला’ एवढेच कागदावर आले असते, तर तिच्या घराजवळच्या रस्त्याकडे कोणी वळून पाहिले नसते.

पंपाची सवय लागते, पंपात स्टिरॉइड असते, ही दोन वाक्ये प्रत्येक वाड्यात ऐकू येतात. त्याचा हिशेब असा. रोजच्या पंपाचा मुलांचा कमी डोस दिवसाला १०० ते २०० मायक्रोग्रॅम. धाप लागल्यावर तोंडाने देतात त्या स्टिरॉइडच्या औषधाचा डोस पंधरा किलोच्या मुलाला दिवसाला १५ ते ३० मिलिग्रॅम, म्हणजे किमान १५,००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधे वेगळी, त्यामुळे तुलना फक्त वजनाची, पण तेवढ्यानेही अंदाज येतो. पंपाच्या भीतीने वर्षात चार वेळा ते औषध घेणारे मूल स्टिरॉइड टाळत नाही, भरभरून घेते. पंपाचा तोटा अजिबात नाही असेही नाही: पहिल्या वर्षात उंचीत साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर फरक पडू शकतो. आई-बापांना हे आधीच सांगावे, म्हणजे नंतर शेजारणीकडून कळून औषध बंद होत नाही.

औषध असूनही उपयोग होत नाही तो बहुतेकदा घेण्याच्या पद्धतीमुळे. लहान मुलाला पंप नुसता तोंडात देऊन चालत नाही, स्पेसर (पंपाला जोडायची, औषधाचा झोत साठवणारी प्लास्टिकची नळी) लागतो, आणि चार-पाच वर्षांपर्यंत मास्कसह. पंप हलवायचा, उभा जोडायचा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवायचा, एकदाच दाबायचा, पाच-सहा शांत श्वास. अर्धा-एक मिनिट थांबून दुसरा. घाईने दोन्ही एकदम दाबले की औषधाचे कण एकमेकांना चिकटून स्पेसरच्या भिंतीवर बसतात. मूल रडत असताना दिलेले बरेचसे वाया जाते. स्टिरॉइडचा पंप झाला की चूळ, तान्ह्याचे तोंड पुसणे. स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून निथळत ठेवायचा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि ती औषध ओढून घेते. पंपावर आकडा नसेल तर सुरू केल्याची तारीख त्यावरच लिहावी. २०० झोतांचा पंप दिवसाला चार झोत या हिशेबाने पन्नास दिवसांत संपतो. त्यानंतर आवाज येतो, औषध येत नाही.

स्पेसर परवडत नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली चालते. केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये ती बाजारातल्या स्पेसरइतकीच काम करते हे दाखवले. बाटली साबणाने धुऊन वाळवायची, बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाची वाकवलेली तार तापवून भोक पाडायचे, प्लास्टिक मऊ आहे तोवर पंपाचे तोंड त्यात बसवायचे आणि कडेने डिंकाने फट बुजवायची. मूल बाटलीच्या तोंडाने श्वास घेते. फट राहिली की सगळे फुकट. तरीही दर सरकारी दवाखान्यात पाच-पन्नास तयार स्पेसर ठेवता येत नाहीत, हे काही भूषणावह नाही.

खाण्याची बंधने हा आणखी एक जाच. दही, केळे, पेरू, भात बंद करून दमा जात नाही, मूल तेवढे वाळते. कोजागिरीच्या दुधातले औषध आणि मृगाला हैदराबादेत माशातून गिळायचे औषध यांवर वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त ते घेतले म्हणून पंप थांबवू नये, कारण कोजागिरीनंतरचे दोन महिनेच सर्वांत अवघड.

महापालिका आणि शाळांकडे आमचे मागणे थोडके आहे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत मुलांचा श्वासनलिकेचा हा आजार आहेच. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येते. त्यांनी दात आणि वजनाबरोबर चार प्रश्न विचारावेत: वर्षभरात छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का, खोकल्याने रात्री जाग येते का, पळताना इतरांआधी धाप लागते का, आणि अंघोळीचे पाणी कशावर तापते. ‘हो’ आले त्याची चिठ्ठी जवळच्या पालिका दवाखान्यात जावी आणि तिथे रोजचा स्टिरॉइडचा पंप बाराही महिने असावा. या पंपातले ब्युडेसोनाइड देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आरोग्य योजनेचा कागद मूल दाखल झाले की उपयोगी पडतो, महिन्याच्या पंपाला नाही. त्यामुळे गरीब घरात धाप लागेपर्यंत वाट पाहिली जाते, आणि एका रात्रीच्या खाटेत आईची आठवड्याची धुण्याभांड्याची कामे जातात.

शाळांनी वर्ग मुले येण्याआधी झाडावेत, मैदानावर पाणी मारावे, दम्याच्या मुलाला खेळातून काढून बाकावर बसवू नये. दम लागत असेल तर खेळाआधी डॉक्टरांनी सांगितलेला झोत घेऊन त्याने खेळावे. ब्रिटनमधल्या शाळांना २०१४ पासून तातडीचा पंप ठेवायची मुभा आहे. इथेही प्रत्येक शाळेत सॅल्ब्युटामॉलचा (श्वासनळ्या लगेच मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) एक पंप, दोन स्पेसर आणि भिंतीवर एक कागद असावा: मुलाला बसते करा, आडवे पाडू नका, स्पेसरमधून एकेक करून दोन झोत, आराम नसेल तर वीस मिनिटांनी पुन्हा दोन, आणि वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळे दिसत असतील किंवा छातीचा आवाजच बंद झाला असेल तर वाट न पाहता १०८, गाडी येईपर्यंत पंप चालू. हा पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवू नये. किल्ली असलेली व्यक्ती नेमकी त्या दिवशी रजेवर असते.

आपले,
मुलांच्या श्वसनविकारांवर काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्यसेविका,
पुणे